लग्नपत्रिका आणि नोटीस

मुंबईत लग्न ठरले की पहिली धावपळ असते ती कार्यालयाची. मुहूर्त पंचांगातून निघतो असे आपण म्हणतो खरे. पण दादर-गिरगावच्या माणसाला पक्के ठाऊक असते की तो बहुतेक वेळा कार्यालयाच्या वहीतून निघतो. हॉल ज्या दिवशी मोकळा, तो दिवस शुभ. मग जेवणाचे कंत्राट, भटजी, बस्ता, आहेराच्या याद्या, आणि या सर्वांबरोबर छापून येणारी पत्रिका. या पत्रिकेचा मायना शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. कुलदैवताचे स्मरण, वधूवरांची नावे व त्यांचे आईवडील, तिथी, स्थळ, आणि अगत्य येण्याची विनंती.

याच शहरात लग्नाचा आणखी एक कागद निघतो. फोर्टातील जुन्या जकातघरात किंवा उपनगरांच्या कचेरीत तो भरून द्यावा लागतो आणि मग फलकावर लागतो. त्यातही दोन नावे असतात, वये असतात, पत्ते असतात. पत्रिकेप्रमाणे हाही विवाहाची जाहीर वार्ताच देतो. फरक इतकाच की पत्रिका जगाला आशीर्वाद देण्यास बोलावते आणि नोटीस हरकत घेण्यास. मराठी साहित्यात विवाहसंस्थेचा विचार करताना आपण 'शारदे'पासून आरंभ करतो; वय, हुंडा, वैधव्य, पुनर्विवाह हे विषय वर्गात सविस्तर येतात. हा दुसरा कागद मात्र क्वचितच येतो. आमच्या मते ही उणीव लहान नाही, कारण या कागदापुढे माणसाला काय बोलावे लागले आणि काय नाकारावे लागले, यात गेल्या दीडशे वर्षांचा एक महत्त्वाचा इतिहास साठलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईसारख्या शहरात विवाहाला कायद्यांची टंचाई नव्हती. हिंदूंना त्यांचे धर्मशास्त्र व रूढी, मुसलमानांना त्यांचा शरियत, पारश्यांना १८६५ चा स्वतंत्र कायदा. ज्याला आपल्या गल्लीतच लग्न करायचे त्याची सर्व सोय होती. दोन गल्ल्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या जोडप्याला मात्र कुठलाच कायदा लागू पडत नव्हता. हा प्रश्न धसास लागला तो बंगालमध्ये. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मसमाजाने मूर्तिपूजा टाकली, होम टाकला, आणि मग त्यांच्या अनुयायांना शंका आली की अशा विधीने लागलेले लग्न न्यायालयात टिकेल काय? सरकारचे विधिसदस्य हेन्री मेन यांनी १८६८ मध्ये एक विधेयक मांडले. ते फार व्यापक आहे अशी ओरड झाली. त्यांच्या जागी आलेल्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते ब्राह्मांपुरते आकसून पाहिले, तेव्हा आदि ब्राह्मसमाजाने 'आम्ही हिंदूच आहोत' म्हणून विरोध केला. याच काळात केशवचंद्रांनी मुलीच्या विवाहयोग्य वयाबद्दल नामांकित डॉक्टरांची मते मागवली होती. उत्तर देणाऱ्यांत मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते. ते प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष. म्हणजे या कायद्याच्या घडणीत मुंबईचा धागा पहिल्यापासूनच गुंफलेला आहे.

शेवटी १८७२ चा तिसरा अधिनियम झाला तो एका विलक्षण तडजोडीतून. वराचे वय किमान १८, वधूचे १४. दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा. रजिस्ट्रारकडे नोटीस द्यावी. ती सर्वांना फुकट पाहता येईल अशा वहीत नोंदवली जावी. १४ दिवस थांबावे. तीन साक्षीदारांसमक्ष एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे वाक्य उच्चारावे. इथपर्यंत सारे सुबोध आहे. परंतु या वाक्याच्या आधी दुसरे एक वाक्य सही करून द्यावे लागे. आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही! लग्नाच्या होकारापूर्वी आठ नकार. सरकारला कोणत्याही धर्माच्या क्षेत्रात हात घालायचा नव्हता, म्हणून त्याने धर्माबाहेर एक मोकळी जागा आखली आणि तिथे येणाऱ्याला दाराशी धर्म उतरवून ठेवायला सांगितले.

महाराष्ट्रातील सुधारकांची अडचण नेमकी इथे झाली. प्रार्थनासमाजाला हिंदुत्व सोडायचे नव्हते, ते आतून बदलायचे होते. त्याच्या सभासदाने रजिस्ट्रारपुढे 'मी हिंदू नाही' म्हणावे ही कल्पनाच त्या चळवळीच्या मुळावर येणारी होती. १८७३ साल या दृष्टीने आम्हांला फार बोलके वाटते. कायदा होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. त्या वर्षी न्यायमूर्ती रानडे यांनी वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले; पुढे याच रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' लिहिल्या. नव्या कायद्याने ते लग्न लागूच शकले नसते. आणि त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, पुण्यात ब्राह्मण पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीराव फुल्यांनी कचेरीचा रस्ता धरला नाही. धर्म नाकारणारे वाक्य लिहून देण्याऐवजी त्यांनी विवाहाचे वाक्यच नव्याने लिहिले. १८८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेतील मंगलाष्टके या अंगाने वाचली पाहिजेत. ती केवळ भटजीची बचत करणारी पद्यरचना नाही. वधू आणि वर एकमेकांना उद्देशून अटी घालतात, वचने देतात, आणि साक्षीला समाज असतो. १८७२ च्या कायद्यातील कोरड्या वाक्याला इतके सकस मराठी उत्तर दुसरे मिळाले नाही.

खुद्द केशवचंद्रांची गोष्ट उदास करणारी आहे. १८७८ मध्ये त्यांनी आपली कन्या सुनीती हिचे लग्न कुचबिहारच्या महाराजांशी लावले, तेव्हा त्यांच्याच प्रयत्नाने झालेल्या कायद्यातील वयोमर्यादा ना वधूने गाठली होती ना वराने. ब्राह्मसमाज फुटला.

मुंबईत या कायद्याच्या मर्यादेचा सर्वांत गाजलेला दाखला १९१८ चा. दहिसरपासून कुलाब्यापर्यंत चर्चा व्हावी अशीच ती जोडी होती. बॅरिस्टर महंमद अली जीना आणि सर दिनशा पेटिट यांची कन्या रतनबाई. वडिलांनी न्यायालयातून मनाई आणली, मुलगी अठरा वर्षांची होण्याची वाट पाहिली गेली. एप्रिल १९१८ मध्ये तिने आधी इस्लाम स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, मलबार हिलवरील जीनांच्या घरी निकाह झाला. आता गंमत पाहा. भूपेंद्रनाथ बसू यांनी १९११ मध्ये मांडलेल्या, धर्मनकाराची अट काढून टाकणाऱ्या विधेयकाला १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात जीनांनी पाठिंबा दिला होता. ते विधेयक मंजूर झाले असते तर मुसलमान वराला आणि पारशी वधूला आपापल्या धर्मात राहून लग्न करता आले असते. ते पडले. 'मी मुसलमान नाही' असे लिहून देणे मुंबईच्या मुसलमान मतदारसंघातून निवडून आलेल्या पुढाऱ्याला परवडणारे नव्हते. मग दोघांपैकी एकाने धर्म बदलायचा, आणि तो कोणी बदलायचा हे ठरलेलेच असते. कायद्याने धर्मनिरपेक्ष वाट इतकी अरुंद ठेवली की धर्मांतराची वाट तिच्याहून सोपी झाली. या प्रश्नाची चर्चा आज ज्या आवेशाने चालते, तीत हे कारण सहसा कोणी सांगत नाही.

१९२३ मध्ये हरिसिंग गौर यांनी अर्धे यश मिळवले. हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांत लग्न करताना धर्म नाकारण्याची गरज उरली नाही. जातीबाहेरच्या हिंदू विवाहाला प्रथमच बिनधोक वाट मिळाली. मात्र नकाराची जागा किंमतीने घेतली. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा मानू लागला. त्याला दत्तक घेता येईना. तो एकुलता एक मुलगा असेल तर बापाला मात्र दुसरा दत्तक घेण्याची मुभा. मुलगा हयात असताना! घराचे दार हिंदू धर्माने नव्हे तर सरकारी अधिनियमानेच बंद करावे, ही तरतूद वाचताना आजही हसावे की रडावे कळत नाही.

याच दुरुस्त कायद्याच्या काळात मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे दोन विवाह झाले. मुंबईत शाळेत शिकवताना ओळख झालेले पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीस नोंदणी पद्धतीने विवाहबद्ध झाले. 'आहे मनोहर तरी' (१९९०) वाचलेल्यांना सुनीताबाईंचा मुळात लग्नाच्या बंधनालाच असलेला विरोध आठवत असेल. ज्या व्यक्तीला मंत्र नको, दागिने नकोत, पंगत नको, तिला हा सरकारी कागदच त्यातल्या त्यात सुसह्य वाटावा हे आम्हांला स्वाभाविक वाटते. आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. शारदा कबीर यांचा नोंदणी विवाह झाला. देशाचा कायदामंत्री स्वतः वर, आणि त्याच्या टेबलावर हिंदू कोड बिलाचा मसुदा! जातीच्या उच्छेदावर लिहिताना मिश्रविवाह हाच खरा उपाय म्हणणाऱ्या लेखकासाठी १९४८ मध्येही कायदा होता तो व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला, डागडुजी केलेला.

स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये विशेष विवाह कायदा केला आणि धर्माचा प्रश्न पुरता पुसून टाकला. कोणताही धर्म असो वा नसो, नाकारण्याचे कारण नाही. वराचे वय २१, वधूचे १८. एकत्र कुटुंबातून विभक्त करणारे कलम मात्र शिल्लक राहिले. वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असल्यास ते लागू नाही अशी दुरुस्ती १९७६ मध्ये झाली. इतके सारे मान्य करूनही आमची या कायद्याविषयी एक तक्रार आहे. इंग्रजांनी १४ दिवस थांबायला सांगितले होते, स्वराज्याने ३० सांगितले. इंग्रजांची नोटीस वहीत होती, ज्याला पाहायची त्याने कचेरीत यावे. स्वराज्याने ती कचेरीत ठळक जागी लावण्याचा आदेश दिला. इतकेच नव्हे, जोडप्यापैकी कोणी त्या जिल्ह्याचा कायम रहिवासी नसेल तर नोटिशीची एक प्रत त्याच्या मूळ जिल्ह्यात पाठवून तिथल्या फलकावरही लावायची. नोटिशीची कल्पना मूळची विलायती. चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी नावे पुकारायची, कुणाला बिगामीची माहिती असेल तर त्याने बोलावे. तिथल्या खेड्यातील पंचक्रोशीत तिचे काम चोख होते. पण आपल्याकडे माणूस मुंबईला येतो तो पुष्कळदा पंचक्रोशीपासून सुटण्यासाठी. सोलापूरची मुलगी आणि बीडचा मुलगा परळच्या खोलीत राहून लग्न करू पाहतात, आणि कायदा त्यांचा पत्ता टपालाने घरी कळवतो. खोटी हरकत घेणाऱ्याला होणारा भुर्दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये. हा आकडा १९५४ चा आहे.

इथे शेजारच्या गोव्याची आठवण होते. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि नागरी विवाहाचा कायदा लगोलग गोव्यात लागू झाला. तेथील हिंदू वधूवर नोंदणी कचेरीत जाऊन आधी इराद्याची सही करतात, काही दिवसांनी दुसरी सही, आणि मग सवडीने मंडपात होम. कचेरी आणि मंडप यांचे तिथे वाकडे नाही.

मुंबईत ते वाकडे आहे, निदान दोन वेगळ्या जगांचे आहे. मंडपात लागलेले लग्न वॉर्ड ऑफिसात नोंदवले जाते ते नंतर, १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्वच विवाहांची नोंद सक्तीची करण्याचे निर्देश दिले तेव्हापासून ही रांग वाढली. या नोंदणीला ३० दिवसांची नोटीस नाही; पुरोहिताची सही हवी, साक्षीदार हवेत, आणि पुरावा म्हणून जोडायची असते ती लग्नपत्रिका! आपला पहिला कागद इथे सरकारदरबारी मान्यता पावतो. ज्यांनी पत्रिका छापली त्यांच्या लग्नाची दखल घ्यायची, आणि ज्यांना छापता आली नाही त्यांची नोटीस भिंतीवर लावायची. ज्यांना दोन्ही हवे असते ते चतुर गृहस्थ महिन्याआधी नोटीस देतात आणि विवाह अधिकाऱ्यालाच जादा शुल्क भरून कार्यालयात बोलावतात. कायद्यात तशी सोय आहे. एवढेच ध्यानात ठेवावे लागते की नोटीस तीन महिन्यांत बाद होते. चातुर्मास चार महिन्यांचा. आषाढीला नोटीस देऊन तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागेल.

न्यायालयांनी अलीकडे या फलकाकडे पाहायला सुरुवात केली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नोटीस घरी धाडण्याची प्रथा अयोग्य ठरवली. केरळने २०२० मध्ये नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटले की ती प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावे. तरी कायद्यातील कलम जागच्या जागी आहे. आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी जोडप्यांना या कायद्यात जागा करून देण्यास नकार दिला, तेव्हा युक्तिवाद पुन्हा येऊन ठेपला तो त्याच जुन्या वाक्यापाशी, त्यातील 'पती' आणि 'पत्नी' या दोन शब्दांपाशी. ते वाक्य वधूवरांना समजेल अशा कोणत्याही भाषेत उच्चारता येते. कचेरीत ते बहुधा छापील कागदावरून वाचले जाते, साक्षीदार सह्या करतात, आणि कारकून पुढच्या जोडप्याचे नाव पुकारतो.