हसवणुकीचा हिशेब

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा नाटककारांचा आणि नटांचा इतिहास म्हणून वाचतो. निर्मात्याचे नाव जाहिरातीत असते, ग्रंथात क्वचितच. नाटक कोणत्या गावी, कोणत्या वारी, कोणत्या प्रेक्षकांपुढे न्यायचे हे ठरवणारा माणूस आपल्या समीक्षेला निव्वळ व्यापारी वाटतो. त्यातून तो विनोदी नाटकाचा निर्माता असेल, तर उपेक्षा दुप्पट. मच्छिंद्र कांबळी (१९४७–२००७) यांच्याकडे निर्माता म्हणून पाहिल्यास हा पूर्वग्रह टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगमंचावर आले. गावकरी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ करायला निघतात आणि त्यांची जी फजिती होते, ती या नाटकाची कथा. तात्या सरपंचाची भूमिका कांबळींची. मालवणी बोली तोवर मुख्य प्रवाहातील नाटकांत चवीपुरती येई. इथे सारा संसारच तिच्यावर होता. आरंभी प्रेक्षक बेताचा होता. पु. ल. देशपांडे यांच्या प्रशंसापत्राने नाटकाला हात दिला, आणि पुढे प्रयोगसंख्या पाच हजारांपलीकडे गेली. नाटक लंडनलाही जाऊन आले.

पत्राने दार उघडते. पाच हजार प्रयोग मात्र कोणीतरी उभे करावे लागतात. १९८२ मध्ये कांबळींनी आपल्या ग्रामदेवतेच्या नावाने ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढली. याच वर्षी, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. परळ-लालबागच्या गिरण्यांतला कोकणी चाकरमानी हाच मालवणी नाटकाचा हक्काचा प्रेक्षक. त्याचा पगारच थांबला असताना त्याच्या बोलीतल्या नाटकांवर संस्था उभारणे, हे धाडस केवळ कलेचे नव्हते.

या धंद्याचे गणित निर्दय आहे. नटांना ‘नाईट’ दर प्रयोगामागे द्यावी लागते, खुर्च्या रिकाम्या असोत वा भरलेल्या. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, नेपथ्य वाहणारी गाडी, पडद्यामागचे कामगार, हे सारे तिकीटखिडकी उघडण्याआधीच ठरलेले असते. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी सगळेच निर्माते धडपडतात. बाहेरगावी स्थानिक कंत्राटदार ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेतो. त्याला तोटा झाला तर पुढच्या वेळी तो दारात उभा करत नाही. विनोदी नाटकात आणखी एक जोखीम असते. गंभीर नाटकातली शांतता उत्कटतेची मानता येते. इथे शांतता म्हणजे सरळ अपयश. शिवाय कांबळी स्वतःच प्रमुख नट. त्यांना ताप आला तर प्रयोग बुडे आणि नुकसानही त्यांचेच होई.

संपानंतर गिरणगाव हळूहळू रिकामे होत गेले. अनेक कोकणी कुटुंबे उपनगरांत, डोंबिवली-कल्याणला, नवी मुंबईत आणि पनवेलपर्यंत सरकली. पनवेल हे कोकणात उतरणाऱ्या महामार्गाचे मूळ; चाकरमान्याची गणपतीची वाट इथूनच जाते. आज तेथे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, आणि दादर-परळला न जाता पनवेलकराला नाटक पाहता येते. प्रेक्षक जिथे गेला, तिथे नाटकाने जावे लागते. हे ज्याला कळते तो निर्माता, बाकीचे केवळ भांडवल घालणारे.

मालवणी विनोद पुढे ठराविक साच्यात अडकला, शिव्या आणि इरसालपणा म्हणजेच कोकण अशी समजूत त्याने पसरवली, हा आक्षेप खोटा नाही. जे खपते तेच पुन्हा करण्याचा मोह या धंद्यात कायमचा आहे. तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक गोष्ट टाकावीच लागेल. कांबळींच्या निधनानंतर त्यांचे पुत्र प्रसाद यांनी हीच संस्था चालवली, आणि २०१७ मध्ये तिने प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ रंगमंचावर आणले. आवली आणि रखुमाई यांचे ते संगीतनाटक फार्सच्या कुळातले मुळीच नव्हे. पण ते ज्या संस्थेच्या खांद्यावर उभे राहिले, ती तात्या सरपंचाने लोकांना हसवून उभारली होती. गंभीर रंगभूमीने हसवणाऱ्यांचे हे ऋण आपल्या जमाखर्चात मांडायला हरकत नसावी.