चिमूटभर गारव्याची पारख

मराठी भाषेने एका रंगाचे नाव एका व्यसनाकडून घेतले आहे. तपकिरी कापड, तपकिरी डोळे, तपकिरी माती असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्या चूर्णाच्या वर्णावरून हा शब्द निघाला ती तंबाखूची तपकीर, तिची डबी, अंगठा व तर्जनी यांत धरलेली चिमूट, त्यामागून येणारी शिंक आणि उपरण्याच्या टोकाला पडलेला न धुता येणारा डाग, हे सारे आता घराघरांतून मागे पडले आहे. त्या तपकिरीच्या कुळातील एका उत्तरकालीन शाखेचा, म्हणजे मेंथॉल घातलेल्या थंड तपकिरीचा, वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे. कारण नाकाने तंबाखूची पारख करण्याची जी विद्या युरोपात पिढ्यानुपिढ्या घडत गेली, तिला सर्वांत मोठा चकवा याच शाखेने दिला.

तंबाखू युरोपच्या राजवाड्यांत शिरली ती औषधाचे सोंग घेऊन. लिस्बन येथील फ्रेंच वकील ज्याँ निको याने १५६० च्या सुमारास ती आपल्या दरबाराकडे रवाना केली, आणि शिरोवेदनेवरचा उपाय म्हणून तिचे चूर्ण हुंगण्याची रीत तेथील सरदारमंडळींत रुजली. याच वनस्पतीचा पुढे मोगल दरबारातही असाच प्रवेश झाला. अकबराचा दरबारी असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुराहून परतला तेव्हा त्याच्या नजराण्यांत तंबाखूही होती, आणि तिचे सेवन बादशहाने करावे की करू नये यावर हकिमांत भर दरबारी वाद झाला. औषध की अपाय, हा प्रश्न असा पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी लागलेला आहे. धर्मपीठाने आणि राजसत्तेने त्याची उत्तरे आपापल्या सोयीने दिली. आठव्या अर्बन पोपने १६४२ मध्ये सेव्हिलच्या देवालयांत तंबाखू सेवन करणाऱ्यांस बहिष्काराचा धाक घातला. फ्रान्सच्या सरकारने १६७४ मध्ये तिच्या विक्रीचा मक्ता स्वतःच्या हाती घेऊन खजिन्यात भर घातली. आणि १७२५ मध्ये तेराव्या बेनेडिक्ट पोपने सेंट पीटरच्या देवालयातील तंबाखूवरचा निर्बंध उठवून टाकला.

इंग्लंडात तपकिरीचा प्रसार होण्यास एक युद्धप्रसंग कारण झाला. १७०२ साली इंग्रज आरमाराने स्पेनच्या किनाऱ्यावर जी लूट मिळवली तीत तपकिरीची असंख्य पिंपे होती. ती तपकीर बंदरोबंदर स्वस्तात विकली गेली आणि जी चैन आजवर थोरामोठ्यांची होती ती सामान्यांच्या हाती आली. लंडनच्या हेमार्केट रस्त्यावर १७२० मध्ये फ्रायबर्ग अँड ट्रेयर ही पेढी उघडली. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिच्या नावामागे तर तपकिरीवरूनच टोपणनाव जडले. गिऱ्हाइकांच्या या गर्दीतून पारखीची एक स्वतंत्र परिभाषा जन्मास आली. तंबाखूची पाने गाजराच्या आकारात वळून ती किसणीवर किसली की होणारी जाडी, दमट व काळपट तपकीर ती 'रापे'. पाने भाजून अगदी बारीक दळलेली, कोरडी व तिखट ती 'स्कॉच'. मार्टिनिक बेटावरील माकूबा गावाचे नाव मिरवणारी आणि गुलाबाच्या वासाने भारलेली ती 'मॅकोबॉय'. यांतील भेद डोळ्यांना अर्धाच कळे. निवाडा करावयाचा तो नाकानेच.

या धंद्याची दोन मोठी पीठे इंग्लंडच्या उत्तरेस उभी राहिली. शेफील्डजवळील शॅरो येथे विल्सन घराण्याने ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या चक्कीने मुसळे हलवून तंबाखू कुटण्यास अठराव्या शतकात आरंभ केला. आणि वेस्टमोरलंड परगण्यातील केंडल गावी टॉमस हॅरिसन याने १७९२ मध्ये ग्लासगोहून दळणाची यंत्रे आणून गिरणी मांडली. पाने महिनोन्महिने मुरवावयाची, कुटावयाची, चाळावयाची, मग क्षार व पाणी घालून ती भुकटी पुन्हा मुरू द्यावयाची, असा हा दीर्घ क्रम असे. क्षारांमुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होते आणि नाकाच्या आतील त्वचेतून त्वरित रक्तात उतरते. अमोनियासारखा जो झणझणीत वास ताज्या डबीतून येतो तोही या क्षारांचाच. अनुभवी कारागीर त्या एका वासावरून माल मुरला की कच्चा राहिला हे सांगत असे. विशेष म्हणजे याच केंडल गावाची दुसरी ख्याती पुदिन्याची आहे. तेथे १८६९ पासून पुदिन्याच्या अर्काची साखरवडी बनते, आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर ती हिमालयातही गेली. एका गावात तंबाखू कुटणारे आणि पुदिना शिजवणारे असे शेजारी नांदत होते. मात्र तपकिरीच्या डबीत थंडावा शिरला तो या शेजारामुळे नव्हे, त्याचे कारण निराळेच होते.

ते कारण कष्टकऱ्यांच्या श्वासात सापडते. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायूच्या भीतीने विडी-चिलीम पेटवण्यास सक्त मनाई असे; सूतगिरण्यांतही आगीचे भय होतेच. निकोटीनची तलफ भागवावयाची आणि धुळीने चोंदलेले नाक मोकळे झाल्याचे सुखही मिळवावयाचे, तर तपकिरीवाचून गत्यंतर नव्हते. नेमक्या त्याच काळी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानी पुदिन्याच्या तेलातून काढलेले मेंथॉलचे शुभ्र स्फटिक जगाच्या बाजारात मुबलक येऊ लागले. आपल्याकडे त्यांस पुदिन्याचे फूल म्हणतात, आणि कापूर व ओव्याचे फूल यांच्याशी त्यांचा संयोग होताच तिघांचे पाणी होते हे जुन्या घरांतील आजीबाईंना ठाऊक होते. १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन निघाले तेही याच मलमांच्या युगातले. शेफील्डच्या कारखानदारांनी 'मेडिकेटेड' म्हणजे औषधी या विशेषणाखाली थंड तपकिरी बाजारात आणल्या. बव्हेरियात १९०२ साली स्थापन झालेल्या पोश्ल यांच्या कारखान्याने 'ग्लेचरप्रीझे', म्हणजे हिमनदीची चिमूट, या नावाची तपकीर घरोघर पोहोचवली. त्याच प्रांतात पूर्वीपासून ब्राझीलच्या काळ्या तंबाखूत तूप मिसळून केलेली जड व गडद 'श्माल्त्सलर' चालत होती. तिच्यापुढे हे हिमनदीचे नाव म्हणजे जणू दुसऱ्याच ऋतूचे आगमन होते.

या नव्या मालाने पारखीचा जुना दस्तूर उलटा केला. डबी उघडताच वासावरून निवाडा करण्याची सवय असलेल्या जाणकाराला येथे प्रथम थांबावे लागते. कारण मेंथॉल अत्यंत उडणारे द्रव्य असल्याने झाकण निघताच तेच पुढे येते आणि तंबाखू त्याच्या आड दडते. म्हणून तो आधी चिमूट बोटांत चोळून पाहतो: दाणा जाडा की मैद्यासारखा, ओल बोटाला लागते की भुकटी उडून जाते. मग मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी जी खोलगट जागा पडते, जिला शरीरशास्त्रात तपकिरीची डबी असेच नाव आहे, तेथे थोडी तपकीर घेऊन तो फूल हुंगावे तशी हलकेच हुंगतो. जोराने ओढली तर ती घशात उतरते आणि परीक्षाच संपते. पहिल्या क्षणी गारवा नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांपर्यंत चढतो. त्यावर मत द्यावयाचे नाही. तो गारवा धारदार होता की गोलसर, कापराच्या बाजूला झुकला की निलगिरीच्या, एवढे मनात टिपून ठेवावयाचे आणि काही मिनिटे वाट पाहावयाची. गारवा ओसरल्यावर मागे जे उरते ती खरी तंबाखू. तिथे वाळल्या गवताचा, मनुकांचा वा ओल्या चामड्याचा सौम्य वास राहिला तर माल चांगला. नुसती जळजळ व मिठाची चव राहिली तर हलकी पाने पुदिन्याच्या पडद्याआड विकली गेली असे समजावे.

हा पडदा केवळ वासाचा नाही, तो स्पर्शाचाही आहे. मज्जातंतूंच्या टोकाशी थंडी ओळखणारे जे ग्राहक असतात, त्यांनाच मेंथॉल चेतवते, हे २००२ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले, आणि त्या संशोधनाचे धुरीण डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९८३ मध्ये, एकल्स व जोन्स या संशोधकांनी नाकातील हवेचा रोध मोजून पाहिला होता. मेंथॉलने तो कमी होत नाही, फक्त श्वास मोकळा झाल्याचा भास वाढतो, असे त्यांना आढळले. खाणकामगाराला जे सुख मिळत होते ते असे भासमय होते. चोंदलेले नाक चोंदलेलेच राही आणि तंबाखूची जळजळ मात्र त्या थंडाव्याखाली बधिर होऊन जाई.

तो थंडावा आता येतो कोठून? दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानच्या होक्काइडो बेटावरील कितामी हा पुदिन्याच्या तेलाचा जगातील अग्रेसर मुलूख होता. पुढे १९५० च्या दशकात जपानी पुदिना भारतात लावला गेला आणि आज उत्तर प्रदेशातील बाराबंकीसारख्या जिल्ह्यांतील रयतेच्या शेतांमुळे या तेलाच्या उत्पादनात भारत अग्रस्थानी आहे. त्याचे वायदे मुंबईच्या बाजारात होतात. बव्हेरियाच्या हिमनदीचे नाव घेणाऱ्या थंडाव्याचा उगम आज बहुधा गंगेच्या खोऱ्यातील उन्हाळी पिकात शोधावा लागेल.

लंडनचा वैद्य जॉन हिल याने १७६१ मध्येच एक पुस्तिका लिहून अतिरेकी तपकिरीने नाकात घातक गाठी होतात असा इशारा दिला होता. तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगाविषयीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. पारखीची कला कितीही सूक्ष्म असली तरी ज्या विषाची ती पारख करते त्याचे विषपण तिने कमी होत नाही, आणि वर पुदिन्याचे फूल ठेवल्याने तर नाहीच. भारताच्या २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याच्या परिशिष्टात सिगारेट, विडी व गुटखा यांच्या पंक्तीला तपकीरही नमूद आहे. त्यात गरम आणि थंड असा भेद केलेला नाही.