दिवा हळदणकरांचा

शिरूरला आम्ही काही जणी आठवड्यातून एकदा जलरंग घेऊन बसतो. सध्या समोर एकच चित्र आहे आणि ते तुम्हीही पाहिलेलं असणार. जांभळट साडीतली बाई, एका हातात पेटता दिवा, दुसऱ्या तळव्याचा त्याला आडोसा, बोटांच्या फटीतून दिसणारा लालसर उजेड. कॅलेंडरवर, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठंही असतं. चित्र कुणाचं म्हणून विचारलं, की बहुतेक जणी सांगतात, ‘राजा रविवर्मा!’

रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र रंगवलं गेलं १९४५-४६ च्या सुमाराला, म्हणजे त्यानंतर चाळीस वर्षांनी. काढलं सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. मग नाव रविवर्म्यांचं का? रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. तेव्हापासून साडीतली कुठलीही देखणी बाई आपण त्यांच्याच खात्यावर मांडतो.

रविवर्म्यांची कीर्ती तैलरंगांची. तैलरंगात उजेड शेवटी वरून ठेवता येतो. जलरंगात तो आधीच राखून ठेवावा लागतो, कारण उजेड म्हणजे कोरा कागद. ज्योतीची जागा सोडायची, भोवती फिकट पिवळा, मग तांबूस, मग अंधाराचे थर, आणि प्रत्येक थर वाळू द्यायचा. ज्योतीवर एकदा गडद रंग गेला, की कागदाचा तो शुभ्रपणा परत मिळत नाही. त्यात आपली घोडनदीकाठची एप्रिलची हवा! वॉश पसरतोय तोवर कागद सुकतो आणि मधेच कडा धरतो. म्हणून आम्ही सकाळी लवकर बसतो, कागद मागूनही ओला करतो. हळदणकरांनी एवढा काळोख जलरंगात कसा पेलला, हे त्यांच्या मागोमाग कुंचला फिरवल्यावरच कळतं.

हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. १९०८ साली त्यांनी स्वतःचे चित्रकलेचे वर्ग सुरू केले, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एवढा मोठा माणूस, आणि सगळ्यांत प्रसिद्ध चित्र दुसऱ्याच्या नावावर खपतं! मूळ चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ‘ग्लो ऑफ होप’ या नावानं.

आणि ती बाई? ती त्यांची मुलगी गीता. दिवाळीत हातात दिवा धरलेली लेक वडिलांना दिसली आणि चित्र सुचलं. त्यासाठी सुमारे तीन तास दिवा धरून उभं राहावं लागलं, असं त्या म्हातारपणी सांगत. (चित्रकाराच्या लेकीला सुट्टी कसली!) लग्नानंतरच्या त्या गीता उपळेकर. कोल्हापूरला राहत. २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. घराघरात टांगलेला हा चेहरा, पण त्याला नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

आमची चित्रं आता मागणीवरून बाहेर जायला लागली आहेत. कुणी म्हणतं, खाली रविवर्मा लिहा, भाव येईल. ते आम्ही लिहीत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तीन ओळी असतात. पहिली, ‘हळदणकरांच्या चित्रावरून’. दुसरीत जिनं रंगवलं तिचं नाव. तिसरी ओळ आमच्यातल्या एका ताईंनी सुचवली: ‘दिवा धरला आहे गीताबाईंनी.’