प्रश्नावरची चांदणी

महाराष्ट्र विधानसभेतल्या प्रश्नांची यादी कुणी वाचली असेल, तर तिची मराठी कानात बसलेली असते. ‘…हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली उत्तर : ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. या प्रश्नाच्या क्रमांकाआधी एक बारीक चांदणी छापलेली असते. तिच्यामुळे तो प्रश्न ‘तारांकित’ ठरतो, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभे राहून त्याचे तोंडी उत्तर द्यावे लागते. चांदणी नसली की प्रश्न अतारांकित आणि उत्तर लेखी. एवढ्याशा खुणेमागे तीनशेहून अधिक वर्षांचे कूळ आहे.

ते सुरू होते लंडनमध्ये, एका आर्थिक घोटाळ्यात. १७२० साली साउथ सी कंपनीचा फुगा फुटला, हजारो लोक बुडाले आणि कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला. ९ फेब्रुवारी १७२१ रोजी उमरावांच्या सभागृहात अर्ल काउपर उठले आणि सरकारचे प्रमुख अर्ल ऑफ संडरलंड यांना त्यांनी विचारले, की नाइट ब्रुसेल्समध्ये पकडला गेल्याची बातमी खरी आहे का? संडरलंडनी माहीत होते ते सांगितले. ब्रिटिश संसदेतला नोंदला गेलेला हा पहिला प्रश्न. आपल्याकडचे ‘हे खरे आहे काय’ याच वंशातले.

पुढे हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्नांचा एवढा लोंढा आला, की इतर कामाला वेळ पुरेना. १९०२ साली सभागृहाचे नेते बाल्फर यांनी कामकाजाचे नियम बदलले. तोंडी उत्तर हवे असेल, तर सदस्याने प्रश्नावर चांदणी काढायची, बाकीच्यांना छापील उत्तर. वेळ वाचवण्याची ही कारकुनी युक्ती होती. तिच्यातून तोंडी आणि लेखी अशा दोन जाती कायमच्या वेगळ्या झाल्या.

भारतात मात्र प्रश्नाचा हक्क तुकड्यातुकड्याने मिळाला, आणि मला या कुळकथेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स कायद्याने सदस्यांना प्रश्न विचारता येऊ लागले. आधी सूचना द्यायची, अध्यक्षांची परवानगी मिळवायची, आणि उत्तर मिळाले की गप्प बसायचे. त्या उत्तरावर चर्चा करायला मनाई होती, उपप्रश्नालाही जागा नव्हती. टिळक १८९५ ते १८९७ या काळात मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते, गोखले १८९९ मध्ये तिथे गेले. एवढ्या ताकदीच्या माणसांना सरकारच्या छापील उत्तरावर ‘मग असे का?’ एवढेही उलटून विचारता येत नव्हते! १९०९ च्या सुधारणांनी ज्याचा प्रश्न त्यालाच उपप्रश्नाची मुभा दिली. १९१९ च्या कायद्यानंतर कोणत्याही सदस्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला.

हा उपप्रश्नच चांदणीचा प्राण आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्याने तयार करून दिलेले असते, मंत्री ते वाचून दाखवू शकतो. उपप्रश्न मात्र आधी कळत नाही. अधिकारी गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवत असले, तरी बोलायचे मंत्र्यालाच. आपल्या राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला आणि कलम १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. ही जबाबदारी रोज प्रत्यक्ष दिसते ती या प्रश्नोत्तराच्या तासात, कारण मंत्री सभागृहातच बसतो. अमेरिकेत मंत्री काँग्रेसचा सदस्य नसतो, म्हणून तिथे असा तासही नाही.

लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, क्रम सोडतीने ठरतो. तासाभरात मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी निघतात. बाकीच्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. आपला प्रश्न खाली लागला की सदस्य का हळहळतो, ते यावरून कळावे.

एक प्रश्न किती दूर जाऊ शकतो, हे १९५७ साली दिसले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. त्याबद्दल लोकसभेत प्रश्न आला, उत्तर टाळाटाळीचे निघाले. मग फिरोझ गांधींनी ते प्रकरण लावून धरले. ते काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत लोकांसमोर झाली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सत्ताधारी बाकावरच्या माणसाने स्वतःच्या सरकारला धारेवर धरावे, याला आजही मी संसदीय पद्धतीचे सर्वांत सुंदर दृश्य म्हणेन.

त्या सुमारास या वंशाला आणखी एक शाखा फुटली. मंत्री सभागृहात ‘तपासून घेतो’, ‘विचार करू’ म्हणतात आणि विसरतात. म्हणून १९५३ मध्ये लोकसभेने शासकीय आश्वासन समिती नेमली. दिलेला शब्द नोंदवायचा आणि तीन महिन्यांत तो पुरा झाला का, ते पाहायचे. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे.

प्रश्नोत्तराचा तास बंदही पडला आहे. आणीबाणीत, जुलै १९७५ च्या अधिवेशनात तो रद्द झाला. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत संसदेचे पावसाळी अधिवेशन भरले, तेव्हाही तो वगळला गेला. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे तेवढी येत राहिली, पण उपप्रश्न विचारायला कुणी उठू शकत नव्हते. टिळकांच्या कौन्सिलात होते तसे.