सोंगापासून नाचापर्यंत

कुर्डुवाडी म्हटले की जुन्या माणसांना गाडी बदलणे आठवते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७ मध्ये इथून बार्शीला जाऊ लागली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला. मोठ्या लाइनीवरून उतरलेला वारकरी या छोट्या गाडीत बसायचा. त्याचा नाच म्हणजे पावली. तिथे निवड नाही, ज्याला जमेल तसे पाऊल टाकावे. अधू पायाच्या माणसालाही दिंडीतून कोणी बाजूला काढत नाही.

रंगमंच उभा राहिला की मात्र निवड सुरू होते. सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा सगळे भेटतात. पण ती रूपके आहेत. व्यंग शरीराचे, बोट मनाकडे. आणि सोंग घेणारा बहुधा धडधाकटच.

खरा अपंग माणूस नर्तक म्हणून घराघरांत माहीत झाला तो सुधा चंद्रन यांच्यामुळे. मुंबईत वाढलेल्या या भरतनाट्यम नर्तिकेचा उजवा पाय १९८१ च्या बस अपघातानंतर कापावा लागला. १९८४ मध्ये त्या जयपूर फूट लावून मुंबईत पुन्हा नाचल्या. रबराचा हा पाय १९६० च्या दशकात अखेरीस तयार झाला तोच आपल्या लोकांसाठी: अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे म्हणून. बुटात घालायच्या ताठ विलायती पायाने भरतनाट्यम कसे व्हायचे? पुढे ‘मयूरी’ (१९८५) आणि ‘नाचे मयूरी’ (१९८६) या चित्रपटांत त्यांनी स्वतःचीच कथा साकारली.

त्या जिद्दीला तोड नाही. तरी त्या वेळचे कौतुक, मला वाटते, ‘पाय नाही हे कळलेसुद्धा नाही’ याचेच जास्त होते.

लंडनमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या कँडोको या संस्थेने नेमके उलटे केले. तिच्या संस्थापकांपैकी सेलेस्ट डँडेकर या नर्तिकेला १९७३ मध्ये रंगमंचावरच पडून मणक्याला इजा झाली होती. अॅडम बेंजामिन यांच्यासह त्यांनी अपंग आणि धडधाकट नर्तकांना एकत्र आणले. इथे चाकाची खुर्ची लपवायची नाही. तिची गिरकी, तिचे घरंगळणे, तिच्यावर दुसऱ्याने तोललेले अंग, हाच नाच. पायांना न जमणारी सरळ, अखंड रेघ चाके काढतात.

आपल्याकडे डॉ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये आनंदवनात ‘स्वरानंदवन’ उभे केले. कुष्ठमुक्त, अंध, कर्णबधिर, अपंग कलाकारांचा हा वाद्यवृंद. त्याचा बाज समकालीन नृत्याचा नव्हे, चांगला गाण्या-नाचण्याचा. गावोगावच्या प्रेक्षकाला तोच कळतो.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातला सहभागही हक्कात धरला. त्यामुळे कुठे कुठे प्रेक्षागृहाच्या दाराशी उतार झाला. पण गॅदरिंगच्या स्टेजकडे मागून जाऊन बघा. तिथे अजून चार पायऱ्याच असतात.