पितृऋण आणि वारसा

वारसा म्हटला म्हणजे घर, शेत, दागिने हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. मनूनें मात्र व्यवहाराचीं अठरा पदें सांगतांना पहिलें स्थान ऋणादानास दिलें आहे. दायविभागाचें पद त्याच्या बऱ्याच मागून येतें. हा क्रम आजच्या गृहस्थानेंहि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

ऋण न फेडतां मेलेल्यास सद्गति नाहीं, या श्रद्धेमुळें बापाचें कर्ज फेडणें हें पुत्राचें धर्मकर्तव्य ठरलें. बापाकडून कांहीं मिळालें कीं नाहीं, याचा त्याच्याशीं संबंध नव्हता. बृहस्पतीच्या मतें पुत्रानें मुद्दल व व्याज दोन्ही द्यावीं, नातवानें केवळ मुद्दल द्यावें. पणतू मात्र मोकळा. याज्ञवल्क्यानें कांहीं अपवादहि सांगितले. मद्य, कामासक्ति व द्यूत यांपायीं झालेलें कर्ज, व्यर्थ दान, तसेंच राहिलेला दंड व शुल्क हीं मुलानें देण्याचें कारण नाहीं. येथें शुल्क शब्दानें जकात घेतली, तर राजाचें येणें बापाबरोबरच बुडे! आजच्या करदात्यांच्या मुलांना असें भाग्य नाहीं. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यानें मृताचा राहिलेला कर वारसाच्या हातीं आलेल्या मिळकतींतून वसूल करण्याचें ठरविलें. आणि कर थकलेला असतां वारसानें ती मिळकत विकली, तर तेवढ्या किंमतीपुरता त्यालाच जबाबदार धरलें.

इंग्रजी न्यायालयें आलीं आणि धर्मकर्तव्याच्या पाठीशीं जप्तीचा हुकूम उभा राहिला. मुंबई इलाख्यांत तर कवडीचाहि वारसा न मिळालेल्या मुलास बापाच्या खतासाठीं स्वतःच्या कमाईवर पाणी सोडण्याचा प्रसंग येऊं शके. 1866 च्या मुंबईच्या सातव्या कायद्यानें हें थांबविलें. वारस हा केवळ वारस म्हणून देणेंदार नव्हे. जी मिळकत त्याच्या हातीं येईल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी, असा नियम झाला. त्याच कायद्यांत एक चमत्कारिक वाटणारें कलम आहे: विधवेशीं विवाह करणाऱ्यावर तिच्या पूर्वपतीचें कर्ज बसत नाहीं. याज्ञवल्क्यानें स्त्रीचा स्वीकार करणाऱ्यास ऋणाचा धनी ठरविलें होतें, हें आठवलें म्हणजे या कलमाचें प्रयोजन कळतें.

परंतु कायद्यानें दिलेली सुटका एका सहीनें गमावतां येते. बापाचें देणें नाकारणें म्हणजे घराण्याला बट्टा. सावकारानें जुनें खत बदलून मुलाच्या नांवें नवें लिहून घेतलें, कीं तें पितृऋण न राहतां त्याचें स्वतःचेंच कर्ज होई. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला, व पुढें गांवोगांव खतें जाळलीं गेलीं, त्यामागें जीं अनेक कारणें होतीं त्यांत वडिलार्जित कर्ज हेंहि एक होतें. म्हणूनच 1879 च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास खतावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जाण्याचा अधिकार दिला.

पुढें 2005 च्या दुरुस्तीनें हिंदु कन्येस सहदायाद केलें. त्याच दुरुस्तीनें 9 सप्टेंबर 2005 नंतर काढलेल्या कर्जांसाठीं मुलावर, नातवावर वा पणतूवर केवळ धर्मकर्तव्याच्या आधारें दावा चालविण्याचा मार्ग बंद केला. दोन हजार वर्षांची परंपरा अशी एका पोटकलमांत संपली. पण मिळकतीवरील बोजा संपला नाहीं. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्रांत कोणास काय दिलें हें पाहण्यापूर्वीं मृताचीं देणीं फेडावीं लागतात.

तात्पर्य, वारसानें वांटणीस बसण्यापूर्वीं देण्यांची यादी करावी, आणि बापाच्या कर्जाच्या नव्या कागदावर विचार केल्यावांचून सही करूं नये. मृत्युपत्र लिहिणाऱ्याचें कर्तव्य त्याहून सोपें आहे. घर कोणास, दागिने कोणास हें आपण आवडीनें लिहितों. त्याखालीं कोणाचें किती देणें आहे व कोणत्या वर्षाचा कर राहिला आहे, हेंहि लिहावें. तेवढ्या चार ओळी नसल्यामुळें भावाभावांत कायमचें वैर आल्याचीं उदाहरणें प्रत्येक वाचकाच्या आप्तवर्गांत सांपडतील.