मनोरुग्णांचा खर्च कोणाचा?

इतिहास वाचतांना जमाखर्चाचीं पानें सहसा कोणी उलटीत नाहीं. आम्ही स्वतः कॉलेजांत इतकीं वर्षें अमेरिकेचा इतिहास शिकवीत आलों. अध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांचें नांव गुलामगिरीच्या वादापुरतें घ्यावयाचें आणि पुढें जावयाचें, हाच आमचा परिपाठ. परंतु १८५४ च्या ज्या मे महिन्यांत त्यांनीं कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्यावर सही केली, त्याच महिन्याच्या ३ तारखेस त्यांनीं एक बिल नाकारलें होतें, आणि त्या नकाराचे परिणाम अद्याप संपलेले नाहींत.

तें बिल डोरोथिआ डिक्स या शिक्षिकेच्या खटपटीचें फळ होतें. १८४१ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगांत स्त्रीकैद्यांस रविवारचा धर्मपाठ देण्यास ती गेली, तेव्हां गुन्हेगारांशेजारीं कांहीं वेड्या स्त्रिया ऐन थंडींत विस्तवावांचून कोंडलेल्या तिला दिसल्या. वेड्यांस थंडी बाधत नाहीं, असें तिला उत्तर मिळाल्याचें सांगतात. पुढें ती संस्थानोसंस्थानीं तुरुंग व अनाथगृहें पाहत हिंडली. १,२२,२५,००० एकर सरकारी जमीन संस्थानांस द्यावी आणि तिच्या उत्पन्नांतून मुख्यतः निर्धन वेड्यांचा सांभाळ व्हावा, या तिच्या मागणीस काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं संमति दिली. पिअर्स यांनीं मात्र आक्षेप घेतला कीं, निर्धन वेड्यांचा भार एकदां पत्करला, तर शहाण्या निर्धनांचाहि पत्करावा लागेल, आणि घटनेनें मध्यवर्ती सरकारास असा दानधर्म सोंपविलेला नाहीं. त्यांस आम्ही निष्ठुर म्हणणार नाहीं. आपल्या अंतःकरणाचा ओढा निराळा आहे, हें त्यांनीं त्या लेखांतच कबूल केलें आहे.

मनोरुग्ण अशा रीतीनें संस्थानांच्या वांट्यास आले. त्यांनीं प्रचंड इस्पितळें बांधलीं, व १९५५ पर्यंत त्यांत साडेपांच लाखांहून अधिक माणसें कोंदलीं. १९६३ मध्यें केनेडी यांनीं गांवोगांवच्या उपचारकेंद्रांचा कायदा केला. १९६५ च्या ३० जुलैस जॉन्सन यांच्या सहीनें वृद्धांसाठीं ‘मेडिकेअर’ व निर्धनांसाठीं ‘मेडिकेड’ हे आरोग्यविम्याचे दोन सरकारी मार्ग खुले झाले. पिअर्स यांचा मुद्दा या दिवशीं पुरता हरला, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं.

मेडिकेडमध्यें एक कलम असें होतें कीं, मानसिक रोगांच्या संस्थेंत असलेल्या पासष्ट वर्षांखालील रुग्णासाठीं मध्यवर्ती खजिन्यांतून पैसा मिळणार नाहीं. वेडाच्या उपचारालाच नव्हे, तेथें असतां त्याचा हात मोडला तरी त्यालाहि नाहीं! संस्थानांचा जुना भार आपल्या माथीं येऊं नये, हा त्यांतील हिशेब. मेडिकेअरनें स्वतंत्र मनोरुग्णालयांतील वास्तव्यास साऱ्या आयुष्यांत १९० दिवसांची मर्यादा घातली. साध्या इस्पितळांत ही मर्यादा लागत नाहीं. तेथें नव्या आजारपणाबरोबर दिवसांची मोजणी बहुधा नव्यानें सुरू होते. रोग तोच, पण इमारत बदलली कीं हिशेब बदलला.

संस्थानांच्या कारभाऱ्यांस हें लवकरच उमगलें. आपल्या इस्पितळांत ठेवलेल्या रुग्णाचा सारा खर्च आपल्यावर. तोच शुश्रूषागृहांत पाठविला तर निम्मा किंवा त्याहून अधिक वांटा मध्यवर्ती सरकारचा. वृद्ध रुग्ण भराभर तिकडे गेले. नवीं औषधें आलीं होतीं, कोंडून ठेवण्याविरुद्ध लोकमतहि होतें, हें खरें; पण खाटा रिकाम्या होण्याच्या घाईंत या हिशेबाचा हात मोठा होता. तरुण रुग्णांस मात्र शुश्रूषागृहें घेत ना, आणि योजलेलीं केंद्रें पुरेशीं निघालीं नाहींत. १९७२ मध्यें एकवीस वर्षांखालील मुलांस सूट मिळाली. १९८८ मध्यें सोळांपर्यंत खाटांच्या संस्था वगळल्या. २०१८ पासून संस्थानांस विशेष परवानगी मागतां येते. मूळ कलम अद्याप कायद्यांत आहे.

तुरुंगाला मात्र रुग्ण नाकारतां येत नाहीं. शिकागो येथील कुक परगण्याच्या तुरुंगांत मनोरुग्ण कैद्यांची संख्या इतकी वाढली कीं, २०१५ सालीं त्याच्या प्रमुखपदीं एका मानसशास्त्रज्ञ बाईंची नेमणूक करण्यांत आली.